एक पाऊल रेषेपुढे

जगात दोन कामं अशी आहेत की ती नीट झाली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि चुकली तर गावभर होतात. एक बँकेतल्या कॅशियरचं आणि दुसरं फुटबॉलमधल्या गोलकीपरचं. (तिसरं काम स्वयंपाकघरातलं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. तेही मी इथं नोंदवून ठेवतो. न नोंदवून सांगतो कुणाला?)

गेली एकवीस वर्षं मी बँकेत काचेमागे बसतो आहे. या काळात पाचेक हजार वेळा तरी माझी कॅश बिनचूक जुळली असेल. पण एकाही मॅनेजरनं संध्याकाळी पाठीवर थाप मारून, ‘‘वा! आज पैसे अगदी बरोबर निघाले हं तुमचे!’’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट एका शनिवारी दहा रुपये कमी पडले, तर ती बातमी शिपायामार्फत समोरच्या चहावाल्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती, आणि त्यानं त्या दिवशी चहाचे पैसे माझ्याकडून आगाऊ घेतले.

कॅशियरचं दुखणं मला ठाऊक होतं. गोलकीपरचं दुखणं घरात आलं ते आमच्या कन्येमुळे. ती आठवीत गेली आणि शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात तिची गोलकीपर म्हणून निवड झाली. ती उंच आहे आणि तिला पळायचा कंटाळा आहे, एवढ्या दोन गुणांवर सरांनी तिला निवडलं म्हणे. बँकेत कॅशवर माणूस बसवताना उंची बघत नाहीत. बाकी निकष तोच.

एका रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, ‘‘बाबा, मी प्रोफेशनल गोलकीपर होणार.’’

मी पडलो बी.कॉम. माझा पहिला प्रश्न, ‘‘म्हणजे पगार असतो का?’’

‘‘असतो की! ब्रियाना स्करीला होता.’’

ही बाई कोण, हे मला माहीत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कन्येनं मला तिच्याविषयी सांगितलं, मोबाइलवर सामने दाखवले, आणि आता माझी अशी अवस्था आहे की स्वतःच्या सासुरवाडीपेक्षा मला स्करीबाईंची माहिती जास्त आहे.

ब्रियाना स्करी अमेरिकेची. जन्म 1971 चा, मिनियापोलिसचा. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. लहानपणी ती मुलांच्या संघात खेळायला गेली, तेव्हा प्रशिक्षकांनी तिला गोलात उभं केलं. कारण काय, तर मुलगी आहे, तिथं जरा सुरक्षित राहील! समोरच्या अकराही जणांनी मारलेला चेंडू सरतेशेवटी जिथं येऊन आदळतो, ती जागा सुरक्षित! नव्या क्लार्कला, ‘‘बस निवांत,’’ असं म्हणून महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या खिडकीवर बसवतात, त्यातलाच हा प्रकार. पण ती तिथं उभी राहिली ती राहिलीच. 1994 पासून 2008 पर्यंत ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून 173 सामने खेळली. 1996 आणि 2004 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं तिच्या गळ्यात पडली.

पगाराचंही कन्या म्हणाली ते खोटं नव्हतं. अमेरिकेत बायकांची पहिली व्यावसायिक लीग 2001 साली सुरू झाली. स्करी अटलांटाच्या संघातून खेळायची. तीन हंगाम झाले आणि 2003 साली लीग बंद पडली. दुसरी लीग 2009 ला निघाली, ती 2012 ला मिटली. आमच्या गल्लीतली भिशीसुद्धा याहून जास्त टिकली आहे. हे मी कन्येला म्हणालो नाही. मुलांच्या स्वप्नांचा ताळेबंद बापानं जेवणाच्या ताटावर मांडू नये.

आता मुख्य प्रसंग. 10 जुलै 1999. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, रोझ बोल स्टेडियम. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध चीन. प्रेक्षक 90,185. जादा वेळ धरून एकशेवीस मिनिटं झाली तरी गोल शून्य-शून्य. मग पेनल्टी किक. दोन्हीकडच्या पाच-पाच खेळाडूंनी बारा यार्डांवरून चेंडू मारायचा आणि चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच अशा दरवाजात एकट्या गोलकीपरनं तो अडवायचा. बँकेत दरोडा पडला तरी निदान अलार्मचं बटण असतं.

पहिल्या दोघी-दोघींचे गोल झाले. चीनची तिसरी खेळाडू आली, लिऊ यिंग. तिनं चेंडू मारला, स्करीनं डावीकडे झेप घेतली आणि हातानं तो बाहेर ढकलला. पुढे अमेरिकेच्या पाचही जणींनी गोल केले आणि अमेरिका 5-4 अशी जिंकली. शेवटचा गोल करणाऱ्या ब्रँडी चॅस्टेननं आनंदाच्या भरात अंगातला शर्ट काढला आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. ज्या हातांनी सामना वाचवला, ते हात फोटोत नव्हते. यात मला नवल वाटलं नाही. कर्जवाटपाच्या समारंभाचा फोटो पेपरात येतो. त्या नोटा मोजणाऱ्याचा आलेला मी अजून पाहिलेला नाही.

पण कन्येनं मोबाइलवर ते दृश्य थांबवलं. मागं नेलं. पुन्हा थांबवलं.

‘‘बाबा, नीट बघा. तिचे पाय बघा.’’

मी बघितलं. नियम असा होता की चेंडू मारला जाईपर्यंत गोलकीपरनं गोलरेषेवरच राहायचं. आडवं हललं तर चालेल, पुढं यायचं नाही. आणि लिऊ यिंगचा पाय चेंडूला लागायच्या आधीच स्करी रेषा सोडून चांगली पुढं आली होती. पुढं आलं की समोरच्याला गोल लहान दिसतो आणि झेप लांबवर पोचते. रेफरीनं शिट्टी वाजवली नाही. आपण मुद्दाम पुढं सरकलो होतो, हे स्करीनं नंतर स्वतःच कबूल केलं.

‘‘म्हणजे तिनं चीटिंग केलं का?’’ कन्येनं विचारलं.

‘‘रेफरीनं पकडलं नाही ना? मग नाही,’’ मी म्हणालो. एकवीस वर्षांच्या नोकरीनं माणसाला असली उत्तरं तोंडपाठ होतात.

‘‘म्हणजे पकडलं नाही तर चोरी नाही?’’

मला एकदम ठसका लागला. हिनं पाणी आणून दिलं. ठसका भाजीतल्या मिरचीनं लागला, असं घरात सगळ्यांनी धरून चालावं म्हणून मी दोन घोट जास्तच प्यालो. ठसक्याचं खरं कारण पुढं येईल.

आम्हाला बी.कॉम.ला तत्त्वज्ञान नव्हतं, ऑडिटिंग होतं. त्यात किंग्स्टन कॉटन मिलचा 1896 सालचा खटला असायचा आणि तो परीक्षेत हमखास यायचा. त्याचं सार असं, की ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे. वास काढत माग घेणारा शिकारी कुत्रा नव्हे. समोर चोर दिसला तर त्यानं भुंकावं, पण प्रत्येक माणूस चोरच आहे असं समजून त्याच्या धोतराला नाक लावत फिरू नये. हे वाक्य लिहून मी चार गुण मिळवले होते. 1999 सालची रेफरी ही अशी राखणदार होती. तिला दिसलं नाही, ती भुंकली नाही. विषय संपला.

पुढे मात्र शिकारी कुत्रा आला. 2019 साली महिलांच्याच विश्वचषकात मैदानाबाहेर बसून कॅमेऱ्यातून बघणारे पंच आले. गंमत अशी की त्याच जूनपासून नियम सैल झाला होता. दोन्ही पाय नकोत, एका पायाचा थोडासा भाग रेषेवर असला तरी पुरे, असा बदल झाला होता. पण कॅमेऱ्यानं तेवढंही सोडलं नाही. 19 जून 2019, पॅरिस. स्कॉटलंड विरुद्ध अर्जेंटिना. स्कॉटलंड चौऱ्याहत्तराव्या मिनिटापर्यंत 3-0 नं पुढं. मग अर्जेंटिनानं दोन गोल फेडले आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. स्कॉटलंडची गोलकीपर ली अलेक्झांडर, ग्लासगो सिटी क्लबची. तिनं चेंडू अडवला! मैत्रिणी धावत आल्या. एवढ्यात कॅमेऱ्यानं कळवलं की बाईंचे पाय रेषेच्या पुढं होते. पुन्हा मारा. पुन्हा मारला, गोल झाला. 3-3. स्कॉटलंड स्पर्धेतून बाहेर.

पाऊल तेच. स्पर्धा तीच. मध्ये वीस वर्षं आणि एक कॅमेरा. एकीचं पाऊल इतिहासात गेलं आणि दुसरीच्या पावलानं अख्खा संघ घरी गेला. आता मला सांगा, दोघींत जास्त वाईट कोण? हिशेबाच्या भाषेत रक्कम सारखीच आहे. फक्त एका पानावर ऑडिटरची टिकमार्क पडली आणि दुसऱ्या पानावर लाल पेन्सिल.

आता ठसक्याचं सांगतो.

कॅशियरच्या धंद्यात एक नियम आहे. संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती कॅशियरनं खिशातून भरायची, आणि जास्त भरली तर ती बँकेच्या सस्पेन्स खात्यात जमा करायची. म्हणजे तोटा माझा आणि नफा सस्पेन्सचा. काही वर्षांपूर्वी, एका लग्नसराईतल्या सोमवारी, माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी आले. मी ते भरले. त्या महिन्यात आम्ही हिच्या भाचीच्या लग्नाच्या आहेराचं बजेट तेवढंच कमी केलं आणि त्याबद्दल मी अजून ऐकून घेतो आहे. पंधरा दिवसांनी माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये जास्त आले. मी इकडं तिकडं पाहिलं. साहेब फोनवर होते. मी मनात म्हटलं, ‘आले बाबा परत!’ आणि ती नोट खिशात टाकली. डेबिटला क्रेडिट लागलं. त्या रात्री मला झोपही छान लागली. हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

पुढं सहा-सात महिन्यांनी एका पेन्शनर आजोबांची छत्री आमच्या शाखेत हरवली. आजोबा हट्टी. कॅमेऱ्यात बघाच म्हणाले. साहेबांनी कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढून बघितलं. छत्री काही दिसली नाही. दिसला तो माझ्या शेजारच्या काउंटरवरचा मित्र, पाचशेची एक नोट शर्टाच्या खिशात ठेवताना. त्याचीही जास्तच आलेली कॅश होती. त्यालाही आदल्या महिन्यात खिशातून भरावे लागले होते. त्याला मेमो मिळाला, चौकशी झाली, एक इन्क्रिमेंट थांबली. माझ्या दिवसाचं चित्रीकरण तोवर नियमाप्रमाणे आपोआप पुसलं गेलं होतं. छत्री सहा महिने आधी हरवली असती तर हा लेख त्यानं लिहिला असता.

आणि मी काय केलं? डबा खायच्या टेबलावर सगळे त्याच्याबद्दल बोलत होते, तेव्हा मीही मान हलवून म्हणालो, ‘‘नाही राव, करायला नको होतं त्यानं.’’ त्या वाक्याची मला आता त्या नोटेपेक्षा जास्त लाज वाटते.

कन्येच्या त्या प्रश्नानंतर मी स्करीबाईंचं चरित्र नव्या डोळ्यांनी वाचू लागलो. बाई वाईट होती असं एकदा ठरलं की मग मला माझ्याबद्दलही ठरवता आलं असतं. पण ती काही नीट ठरू देईना. 1996 च्या ऑलिंपिकआधी तिनं वार्ताहराजवळ एक भलतंच वचन देऊन ठेवलं होतं. सुवर्णपदक मिळालं तर मी जॉर्जियातल्या अथेन्स गावाच्या रस्त्यावरून विवस्त्र धावेन! पदक मिळालं. असली वचनं लोक हसून विसरतात, ऐकणारेही आणि देणारेही. स्करीनं ते पाळलं. रात्री उशिरा, एका आडरस्त्यावर, अंगावर फक्त गळ्यातलं पदक, अशी ती धावली. (कन्येला हा भाग सांगू नका, असं हिनं मला बजावलं. कन्येनंच तो मला सांगितला होता.) तेव्हा बघा, नव्वद हजार लोकांसमोर जी बाई नियमाच्या पुढं सरकली, तीच बाई कुणी बघत नसताना स्वतःच्या शब्दाच्या मागं सरकली नाही. माणसाचं खातं एकाच नोंदीवर बंद करता येत नाही, हे मला तिथं पटलं. पण म्हणून ती नोंद खोडताही येत नाही.

आणि नियतीनं तिचं खातं काही कोरं ठेवलं नाही. 25 एप्रिल 2010 ला, व्यावसायिक सामन्यातच, खाली वाकून चेंडू घेताना समोरून धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्याला बसला. तिची कारकीर्द त्या दिवशी संपली. डोकेदुखी, निराशा, उपचारांच्या खर्चासाठी विमा कंपनीशी झगडा, असं तीनेक वर्षं चाललं. 2013 साली शस्त्रक्रिया झाल्यावर आराम पडू लागला. मधल्या काळात हातात पैसे नव्हते, म्हणून तिनं तिची ऑलिंपिकची दोन्ही सुवर्णपदकं गहाण टाकली.

हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. मी दोन वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर होतो. गहाण टाकायला आलेल्या बाईचा चेहरा मी ओळखतो. ती आधी पासबुक भरायला आल्यासारखं करते. मग रुमालाची गाठ सोडते. ऑलिंपिकचं सुवर्णपदक मुख्यतः चांदीचं असतं, वर सोन्याचा मुलामा. आमच्याकडे ते आलं असतं तर आमच्या सराफानं कसोटीवर घासून, ‘‘आत चांदी आहे हो,’’ म्हणून परत केलं असतं. कसोटीच्या दगडाला 173 सामने दिसत नाहीत. पुढे तिनं ती पदकं सोडवली. 2017 साली अमेरिकेच्या फुटबॉलच्या मानाच्या दालनात तिचं नाव लागलं. मला बरं वाटलं. सोडवून नेलेल्या दागिन्याचा आनंद आम्हा सोनेतारणवाल्यांना घरच्यासारखा होतो.

पण एका गोष्टीनं मला सोडलं नाही. या सगळ्या कथेत लिऊ यिंग कुठं आहे? स्करीची बाजू आहे, चॅस्टेनचा फोटो आहे, रेफरीची चूक आहे. चीनहून येऊन एकशेवीस मिनिटं खेळलेली आणि जगासमोर मान खाली घालून परत गेलेली ती मुलगी कुठल्याच खात्यात नाही. स्करी रेषेवर थांबली असती, तरी कदाचित तिनं तो चेंडू अडवलाच असता. पण तो ‘कदाचित’ लिऊ यिंगच्या हक्काचा होता.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझे पाचशे रुपये बँकेचे नव्हतेच! इतकी वर्षं मी माझा आणि बँकेचा जमाखर्च मांडत होतो: त्यांनी माझे घेतले, मी त्यांचे घेतले, फिटंफाट. पण कॅश जास्त आली म्हणजे त्या दिवशी काचेपलीकडून कुणीतरी पाचशे जास्त दिले होते. भाजीवाली असेल, फी भरायला आलेला बाप असेल. त्यानं घरी जाऊन नोटा पुन्हा मोजल्या असतील. बायकोवर संशय घेतला असेल, नाहीतर पोरावर. एखाद्या घरात त्या रात्री माझ्यामुळे कुणी जेवलं नसेल, आणि मी छान झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी केबिनचं दार लावलं.

‘‘कुठल्या तारखेचं व्हाउचर करू? ती वर्षं बंद झाली, ऑडिटं झाली. तुम्ही लेखी दिलंत तर मला वर पाठवावं लागेल. तोंडी दिलंत, तर मी ऐकलं नाही. घ्या, पाणी घ्या.’’

मी पाणी घेतलं. लेखी दिलं नाही. हे माझं रेषेपुढचं दुसरं पाऊल, आणि हे मात्र पूर्ण शुद्धीत टाकलेलं. (इथं छापून येतं आहे ते चालेल. बँकेतलं कुणी विनोदी लेख वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.)

मग मी मित्राला चहाच्या टपरीवर नेलं आणि त्याला सांगितलं. वाटलं होतं तो चिडेल, किंवा पाठीवर थाप मारून, ‘‘अरे, सगळेच करतात,’’ म्हणेल. त्यानं कपातला चहा संपवला.

‘‘तेव्हा बोलला असतास तरी माझी इन्क्रिमेंट वाचली नसती,’’ तो म्हणाला. ‘‘पण महिनाभर मी डबा एकटा खाल्ला. तेवढं वाचलं असतं.’’

चहाचे पैसे त्यानंच दिले. मला देऊ दिले नाहीत.

रात्री कन्येला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘स्करीनं निदान सांगितलं.’’

‘‘मीपण सांगितलंच की,’’ मी म्हटलं.

‘‘हो. पण उशिरा,’’ एवढं बोलून ती झोपायला गेली. मुलं मोठी होतात ती अशी, न सांगता.

पाचशे रुपये मी एका पाकिटात घालून ठेवले आहेत. द्यायचे कुणाला हे माहीत नाही. पण बिनानावाचं पाकीट ठेवायची आमच्या हातांना सवय नाही, म्हणून वर एक नाव लिहिलं. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ते हिच्या हाती लागलं. ती पाकीट घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘ही लिऊ यिंग कोण, आणि तिला पैसे कशाबद्दल द्यायचेत?’’

मी उत्तर द्यायला सुरुवात केली आहे. अजून 1999 पर्यंतच पोचलो आहे.